थोरला भाऊ अजून अंगणातच उभा आहे

नाताळ जवळ आला की आमच्या धर्मग्रामांतून एक ओळखीची लगबग सुरू होते. सभागृहाची झाडलोट होते, पडद्याच्या दोऱ्या तपासल्या जातात आणि युवक मंडळाच्या बैठकीत 'यंदा नाटक कोणते?' हा प्रश्न निघतो. उत्तर बहुधा ठरलेले असते. धार्मिक काही हवे असेल तर 'उधळ्या पुत्र', आणि करमणूक हवी असेल तर दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांतून उचललेले प्रवेश एकापुढे एक जोडून तयार केलेले प्रहसन. त्यात एक 'डिसोझा अंकल' हमखास बाटली घेऊन डुलत येतो, मोडक्या मराठीत चार वाक्ये बोलतो आणि सभागृह पोट धरून हसते. हिंदी चित्रपटांनी आमचे जे व्यंगचित्र वर्षानुवर्षे काढले, तेच आम्ही आमच्या रंगमंचावर, आमच्याच वर्गणीतून पुन्हा पुन्हा रंगवतो आणि वर त्याला टाळ्याही वाजवतो!

'उधळ्या पुत्र' या विषयाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते आम्ही त्याचे जे करतो त्याच्याशी. आमच्या नाटकात धाकटा मुलगा परततो, बाप त्याला मिठी मारतो, अंगठी येते, झगा येतो, मेजवानीचा नाच होतो आणि पडदा पडतो. संत लूकने मात्र तेथे पडदा पाडलेला नाही. शेतावरून परतलेला थोरला भाऊ घरातले वाद्यांचे सूर ऐकतो, कारण विचारतो आणि आत जायचे नाकारतो. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. पुढे तो आत गेला की नाही? शुभवर्तमान याबाबत मौन पाळते. ज्यांना आपण नीतिमान आहोत अशी खात्री होती, अशा श्रोत्यांच्या ओंजळीत प्रभूने तो प्रश्न टाकला आणि कथा संपवली. आम्ही तेवढाच प्रश्न गाळला आहे. कारण उघड आहे. सभागृहात पुढच्या खुर्च्यांवर बसणारे आम्ही बहुतेक सारे थोरले भाऊ आहोत.

ज्या नाटकाचा शेवट आम्हाला घरातून निघतानाच ठाऊक असतो आणि ज्यातला दोष नेहमी दुसऱ्याच कुणाचा तरी असतो, असे नाटक पाहून माणूस जसा येतो तसाच परत जातो. म्हणून आमचे म्हणणे असे, की आमच्या धर्मग्रामांनी आता आपल्या काळातील मराठी व भाषांतरित नाटके हाती घ्यावीत. आणि ज्यांत आमच्याच घरचा प्रश्न उभा आहे, अशीच घ्यावीत. हे म्हणणे अनेकांना रुचणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे.

रंगभूमी आणि ख्रिस्तसभा यांचे नाते परके नाही. युरोपात लोपलेले नाटक दहाव्या शतकाच्या सुमारास पुन्हा जन्मले ते वेदीपाशी, ईस्टरच्या उपासनेत. रिकाम्या कबरेजवळ आलेल्या स्त्रिया आणि देवदूत यांच्यातील चार ओळींच्या संवादातून पुढची सारी धार्मिक नाटके वाढली. मराठीत महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले, तेव्हा त्यातल्या भोळ्या शेतकरी जोडप्याला भानावर आणणाऱ्या पात्रांत एक ख्रिस्ती पाद्री होता. मराठी नाटकाच्या उंबरठ्यावर ख्रिस्ती माणूस विचार घेऊन उभा होता. आज आमच्याच रंगमंचावर तो बाटली घेऊन उभा आहे! गोव्याच्या आमच्या बांधवांकडे पाहावे. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत 'इटालियन भुरगो' या तियात्राचा प्रयोग झाला, आणि तेव्हापासून तियात्राने भाटकार, राजकारणी, घरची भांडणे, परदेशी गेलेला नवरा यांपैकी कुणालाही सोडलेले नाही.

यावरही ज्यांना अधिकारवाणीच हवी असेल, त्यांनी संत जॉन पॉल दुसरे यांचे चरित्र वाचावे. नाझींच्या अमलाखालील क्राकूव शहरात १९४१ साली एक गुप्त नाट्यसंस्था स्थापन झाली. घराघरांतल्या बंद खोल्यांत तिचे प्रयोग होत आणि पकडले गेल्यास शिक्षा भयंकर होती. त्या संस्थेत कॅरोल वॉयतिवा नावाचा तरुण अभिनय करीत होता. पुढे धर्मगुरू आणि मग बिशप झाल्यावरही त्याने नाटके लिहिली. विवाहावरचे त्याचे 'जवाहिऱ्याचे दुकान' हे नाटक १९६० साली टोपणनावाने प्रसिद्ध झाले. १९९९ साली पोपपदावरून कलावंतांना खास पत्र लिहिणारे ते हेच. जिवावर उदार होऊन नाटक करणारा तरुण संतपदाला पोहोचतो, आणि आम्ही मात्र 'नाटक म्हणजे मिस्सानंतरची करमणूक' असे म्हणत बसतो!

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: 'ही नाटके आपली नाहीत. त्यांत ना येशूचे नाव, ना ख्रिस्ती माणसे.' या आक्षेपाला उत्तर पवित्र शास्त्रातच आहे. दावीद राजाने उरियाची बायको घेतली आणि उरियाला युद्धात मरायला धाडले. त्यानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला. आल्या आल्या त्याने राजाच्या पापाचे नाव काढले नाही. त्याने एका श्रीमंताची, एका गरिबाची आणि गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली. गोष्ट परक्याची होती, म्हणूनच राजाने ती नीट ऐकली. संतापला आणि त्या श्रीमंताला मृत्युदंड योग्य आहे असे बोलून गेला. तो श्रीमंत म्हणजे आपणच, हे त्याला त्यानंतर कळले. परक्या घरची गोष्ट माणसाला आपल्या घराच्या दारापर्यंत नेते ती अशी. आम्ही पुढे जी पाच नाटके सुचवीत आहोत, त्यांतील बहुतेकांत ख्रिस्ती माणूस नाही. त्यांत नाथानची मेंढी आहे.

पहिले नाटक महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी'. विजया मेहता यांनी ते १९८५ साली रंगभूमीवर आणले. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात वडील वारले आहेत. मुंबईचा मुलगा क्रियेसाठी येतो, थोरला घरचा कारभार पाहतो, धाकटा राबतो आणि शिकायची इच्छा मारून टाकलेली बहीण कोपऱ्यात कुढत असते. अंगणात एक नादुरुस्त ट्रॅक्टर गंजत पडला आहे. तो चालत नाही आणि कुणी हलवतही नाही. दिवस करायचे तर घराण्याच्या इभ्रतीला साजेसे व्हायला हवेत आणि पदरी पैसा नाही. वसईच्या वाडीत वाढलेल्या कोणत्या माणसाला हे घर अनोळखी वाटेल? केळीच्या बागा गेल्या, बावखले बुजली, सातबाऱ्यावरच्या सह्यांवरून भावाभावांत बोलणे खुंटले, आणि तरीही लग्नातला मंडप शेजाऱ्याच्या मंडपापेक्षा दोन हात मोठा हवा. बिल्डरच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. पण सही कोणाची होती? 'वाडा चिरेबंदी' हा प्रश्न न ओरडता विचारते.

दुसरे नाटक प्रेमानंद गज्वी यांचे 'किरवंत'. अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणाला त्याचेच इतर जातभाई अपवित्र मानतात, त्याच्याशी रोटीबेटी व्यवहार टाळतात. मात्र घरात कुणी मेले की त्याच्यावाचून त्यांचे चालत नाही. 'हा ब्राह्मणांचा प्रश्न, आपला काय संबंध?' असे म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे. भारतीय कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले, त्यात ख्रिस्तसभेच्या अंतरंगातही जातिभेद आणि अस्पृश्यता आहे अशी कबुली दिलेली आहे. दक्षिणेतल्या काही ठिकाणी मेलेल्यांसाठीही वेगळी कबरस्थाने राहिली. आणि दक्षिणेकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घरात डोकावावे. एकाच वेदीवरून एकच ख्रिस्तशरीर स्वीकारणारे आम्ही, मुलीचे स्थळ पाहताना 'कुठल्या समाजातले?' हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारतो की नाही? धर्मग्राम एक, बाप्तिस्मा एक, पण सोयरीक वेगवेगळी! हे प्रवचनातून सांगितले तर माना डोलतात. तेच रंगमंचावर दुसऱ्याच्या घरात घडताना पाहिले, तर कदाचित माना खाली जातील.

तिसरे नाटक प्राजक्त देशमुख यांचे 'संगीत देवबाभळी'. २०१७ साली ते व्यावसायिक रंगभूमीवर आले आणि लेखकाला त्यासाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. त्यात पात्रे दोनच: तुकोबांची पत्नी आवली आणि विठ्ठलाची रखुमाई. नवरा देवाच्या नादात डोंगरावर. त्याच्यासाठी भाकरी घेऊन जाणाऱ्या आवलीच्या पायात काटा रुततो आणि तिची शुश्रूषा करायला रखुमाई येते. देवाच्या शोधात निघालेल्या माणसाच्या घरची चूल कोण पेटवतो, हा त्या नाटकाचा प्रश्न. 'विठ्ठल-रखुमाई आपल्या सभागृहात कशाला?' असे कुणी विचारील. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या मार्गानेच ख्रिस्तापाशी पोहोचलो असे मानत. आणि १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी काय सोसले, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला सांगायला नको. लक्ष्मीबाई आमच्या आवली आहेत. आजही धर्मग्रामाच्या समित्यांवर पुण्यकर्मे करीत रात्री उशिरा घरी परतणाऱ्या आमच्या कर्त्या पुरुषांच्या घरोघरी एक आवली ताट झाकून बसलेली असते. तिच्या पायातला काटा कोण पाहतो?

चौथे नाटक प्रशांत दळवी यांचे 'चारचौघी'. चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९१ साली ते दिग्दर्शित केले आणि २०२२ साली नव्या संचात ते पुन्हा आले, तेव्हाही त्याने नाट्यगृहे भरली. विवाहित पुरुषाशी संबंध जोडून तीन मुलींना वाढवणारी आई, नवऱ्याची प्रतारणा कळल्यावर त्याला दूरध्वनीवरून जाब विचारणारी थोरली मुलगी, ऐदी नवऱ्याबरोबर संसार रेटणारी दुसरी आणि दोघांवर प्रेम जडलेली तिसरी. याच नाटकाविषयी आम्हाला सर्वांत जास्त विरोध अपेक्षित आहे. विवाहबंधन अविच्छेद्य आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही मानतो आणि या नाटकातले प्रत्येक उत्तर आम्हाला पटते असेही नाही. परंतु ज्यांना ते बंधन पवित्र वाटते, त्यांनीच त्या बंधनात गुदमरणाऱ्या स्त्रीचे म्हणणे सर्वांत आधी ऐकायला हवे. 'घरातले घरात ठेव, बाई' असे सांगून किती जणींना आम्ही परत सासरी धाडले, याचा हिशेब कोणत्या वहीत आहे? नाटक पाहून भांडावे, वाद घालावा. पण ऐकण्याआधीच कान झाकून घेऊ नयेत.

पाचवे नाटक परदेशी आहे आणि सर्वांत अवघडही. अमेरिकन नाटककार जॉन पॅट्रिक शॅन्ली यांच्या 'डाउट' या २००४ सालच्या नाटकाला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९६४ सालचे न्यूयॉर्क, एका धर्मग्रामाची शाळा. मुख्याध्यापिका असलेल्या धर्मभगिनीला संशय येतो, की एका फादरांचे एका विद्यार्थ्याशी वागणे योग्य नाही. पुरावा नाही; तिच्याकडे आहे ती खात्री. नाटक संपते तेव्हा फादर दोषी होते की नव्हते, हे नाटककार सांगत नाही. ते ओझे आम्ही घरी न्यायचे असते. 'असले नाटक, आणि आमच्या सभागृहात?' असा आवाज आम्हाला आताच ऐकू येतो. आमचा उलट प्रश्न असा, की आमच्या सभागृहात नाही तर कुठे? पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली 'वोस एस्तिस लुक्स मुंदी' या पत्रान्वये अशा तक्रारी वरिष्ठांना कळवणे धर्मगुरूंवर आणि व्रतस्थांवर बंधनकारक केले. जे खुद्द पोप महोदयांनी दडवू नका म्हणून सांगितले, ते झाकण्याची जबाबदारी प्रापंचिकांनी कोणत्या निष्ठेपोटी घ्यावी? आणि लक्षात घ्यावे, की हे नाटक धर्मगुरूंविरुद्ध नाही. बेछूट कुजबुजीने एखाद्या निरपराध माणसाचे आयुष्य कसे उद्ध्वस्त होऊ शकते, हेही ते तेवढ्याच ताकदीने दाखवते. आमच्या धर्मग्रामांत मौन आणि कुजबुज ही दोन्ही दुखणी आहेत. दोन्हींवर एकाच वेळी बोट ठेवणारे दुसरे नाटक आम्हाला ठाऊक नाही.

आता व्यवहाराचे आक्षेप. 'आमच्याकडे नट कुठे आहेत?' 'देवबाभळी'ला दोन गाणाऱ्या मुली पुरतात, आणि आमच्या गायनवृंदांत सुरेल मुलींची वाण नाही. 'डाउट'ला चार पात्रे लागतात. 'वाडा चिरेबंदी'ला खरा वाडा उभारायची गरज नाही. एक चौकट आणि एक जुनी आरामखुर्ची पुरे. 'खर्च?' नाताळच्या रोषणाईवर होणाऱ्या खर्चाचा लहानसा वाटा नाटकाला दिला तरी भागेल. 'लहान मुले पाहायला येतात!' मग त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम ठेवावा आणि हे प्रयोग मोठ्यांसाठी आहेत असे आधीच जाहीर करावे. बारा वर्षांच्या मुलाला झेपेल तेवढेच सत्य त्याच्या आईवडिलांनीही ऐकावे, हा कोणता न्याय?

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायला हवी. आपल्याकडे लेखकाला न विचारता नाटक बसवण्याची, त्याचे नाव गाळण्याची आणि प्रवेश हवे तसे कापण्याची वाईट सवय आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे नाटकाचे हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. वर सांगितलेल्या पाचही नाटकांसाठी रीतसर परवानगी घ्यावी लागेल, मानधन द्यावे लागेल. 'डाउट' मराठीत करायचे तर भाषांतराचीही परवानगी हवी. महाराष्ट्रात संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते, ती वेगळीच. हे सारे किचकट वाटते खरे. परंतु सातवी आज्ञा ज्या सभागृहाच्या भिंतीवर लिहिलेली असते, त्याच सभागृहात चोरलेले नाटक व्हावे, यासारखी विसंगती नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने वर्षाला एकच नाटक निवडावे. उपवासकाळातल्या काही संध्याकाळी त्याचे नुसते वाचन करावे; फादर, सिस्टर, शिक्षक, वाडीतली आजी, महाविद्यालयातला मुलगा अशा सर्वांनी ते ऐकावे. पावसाळ्यात तालमी कराव्यात. नाताळात प्रयोग करावा आणि प्रयोगानंतर अर्धा तास कुणीही उठू नये, पाहिलेल्यावर बोलावे. त्या अर्ध्या तासात आमच्या माणसांना आमच्याच जगण्याविषयी बोलण्याची सवय लागेल. तसे झाले तर आज ना उद्या आमच्यातलाच कुणी तरुण किंवा तरुणी लेखणी उचलील आणि आमच्या बोलीतले, आमच्या बावखलांचे, आमच्या कबरस्थानाचे आणि आखातातून येणाऱ्या पैशाचे नाटक लिहील. ते नाटक आमचे असेल. पण चांगली नाटके न पाहताच चांगला नाटककार आमच्यात आपोआप उगवेल, या भ्रमात कुणी राहू नये.

फादरांना आमची नम्र विनंती आहे, की त्यांनी सभागृहाची किल्ली देताना केवळ 'काही वावगे नाही ना?' एवढेच न विचारता 'यात आपल्याला काही विचारलेले आहे ना?' असेही विचारावे. युवक मंडळांना विनंती आहे, की त्यांनी 'डिसोझा अंकल'ला आता सन्मानाने निवृत्त करावे. आणि वाचकहो, आपल्यालाही एक विनंती आहे. या नाताळात पुन्हा 'उधळ्या पुत्र'च व्हायचे असेल तर होऊ द्यावे. पण मेजवानीच्या नाचानंतर लगेच पडदा पाडू देऊ नये. अंगणात थोरला भाऊ उभा आहे. बाप त्याच्याशी बोलायला बाहेर आलेला आहे. तो काय उत्तर देतो, ते ऐकल्यावाचून आपण घरी जाऊ नये.